साहेबांच्या पिशवीतला खाऊ

साहेब वर्गात आले आणि त्यांच्या मागून वास आला. ओव्याचा, बेसनाचा, नुकताच कढईतून निघालेला.

साहेब म्हणजे विस्तार अधिकारी. तालुक्यातल्या शाळा फिरून तपासणं हे त्यांचं काम. थोड्या वेळापूर्वीच आमचे मुख्याध्यापक इंगळे सर त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले होते, तेव्हा साहेबांनी हात जोडून सांगितलं होतं, "नवरात्र आहे, सर. कडक उपास. पाण्याशिवाय काही नाही." आता तेच साहेब माझ्या वर्गात खुर्चीवर बसले होते आणि त्यांची कापडी पिशवी खुर्चीच्या पायाशी टेकली होती. पिशवीच्या बुडाला तेलाचा डाग हळूहळू मोठा होत होता.

समोर माझा पहिलीचा वर्ग बसला होता. सगळी नाकं वर.

ही नाकं मीच तयार केली होती.

ती कशी, ते सांगते. जानेफळच्या अलीकडच्या एका गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा. मी तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास. या वयात बाईमाणूस जरा स्थिर होतं म्हणतात. मी मात्र उन्हाळ्यात बुलडाण्याला एक प्रशिक्षण करून आले आणि नव्याने बावळट झाले. खांद्याला नवी झोळी, डोळ्यांवर गॉगल, आणि तोंडात सारखा 'ज्ञानरचनावाद'. याचा सरळ अर्थ एवढाच, की मुलांना सांगत बसू नका, त्यांचं त्यांना शोधू द्या. पण मी हा शब्द एसटीच्या कंडक्टरलासुद्धा ऐकवला. तो म्हणाला, "सुट्टे द्या आधी, मॅडम." मोबाइलवर माझ्या नावाखाली मीच लिहून टाकलं होतं : उपक्रमशील शिक्षिका.

मग काय, दर महिन्याला एक उपक्रम. जूनमध्ये मुलांच्या पायांचे रंगीत ठसे वर्गभर काढले. पालकांनी चपला बाहेर काढून आत यायचं बंद केलं, कारण रंग त्यांच्याही तळव्यांना लागायचा. जुलैमध्ये करवंटीत मूग रुजवले. मुलं रोज उकरून बघायची की उगवले का, त्यामुळे एकही उगवला नाही. पोळ्याला मातीचे बैल केले. सुकल्यावर त्यांची शिंगं गळाली आणि वर्गात कुत्र्यांचा कळप उभा राहिला. मी त्या कळपाचासुद्धा फोटो काढून 'बैल' म्हणून केंद्राच्या ग्रुपवर टाकला. केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट.

याच सुमारास साहेबांची पहिली भेट झाली होती. त्यांनी मुलांना पाट्या काढायला लावल्या, "लिहा, कमळ" म्हणाले, आणि मुलं साहेबांच्या मिशीकडे बघत बसली. साहेबांनी शेरा लिहिला : पहिलीचे विद्यार्थी लिहीत नाहीत, उपक्रमांत वेळ जातो. वर तोंडी बजावलं, "मी पुन्हा येईन. तेव्हा असंच असेल तर हा वर्ग दुसऱ्या शिक्षकांकडे द्यायचा आणि मॅडमना चौथी द्यायची."

हे मला फार लागलं. चौथी वाईट नाही. पण ही पोरं मी रडत आलेली घेतली होती. कुणाचा शेंबूड पुसला होता, कुणाला आईच्या पदरातून सोडवून आणलं होतं. ती दुसऱ्याच्या हातात लिहायला लागणार, या विचारानेच माझा गॉगल उतरला.

तेवढ्यात भुलाबाईचे दिवस आले. आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई बसते. मुली गाणी म्हणतात आणि शेवटी घरची बाई एक बंद डबा आणते. डबा वाजवून, वास घेऊन आतला खाऊ ओळखायचा. ओळखला की तिथल्या तिथे सगळ्यांना वाटायचा, असा नियम. आमच्या घरी बुद्धवंदना व्हायची, भुलाबाई बसत नव्हती. पण खाऊ ओळखायला गल्लीत मी सगळ्यांत पुढे असायची. डबा नुसता हलला तरी मी फुटाणे आणि शेंगदाणे यांतला फरक सांगायची. एवढी विद्या माझ्याकडे जन्मजात होती आणि मी बुलडाण्याला प्रशिक्षण घेत बसले होते.

म्हटलं, हाच उपक्रम. मूर्ती नाही, गाणी नाही, फक्त डबा. रोज एका घरची पाळी. मळ्यातले, गल्लीतले, बौद्धवाड्यातले, सगळ्यांचे डबे आले. पहिल्या दिवशी समाधान नावाचा एक पोट्टा सगळ्यांत आधी ओरडला, "मुरमुरे!" आणि बाकी सगळे त्याच्यामागे मुरमुरे मुरमुरे करत सुटले. म्हणून मी नियम केला : बोलायचं नाही. उत्तर पाटीवर काढायचं, पाटी छातीशी धरायची, आणि मी 'दाखवा' म्हटलं की सगळ्यांनी एकदम फिरवायची.

मुलांनी चित्रं काढली. सगळ्यांच्या पाटीवर गोल. "हे काय?" "लाडू." "आणि हे?" "बोर." "हे?" "पेढा." भांडणं लागली. लाडवाच्या गोलाने बोराच्या गोलाचे केस ओढले. शेवटी गुड्डी नावाची एक मुलगी पाय आपटत माझ्याकडे आली. "मॅडम, मले 'बोर' लिहून द्या. ह्या समाधान्याले दाखवतोच मी!"

असं लिहिणं सुरू झालं. बोर, गूळ, लाडू, चिवडा. मी कपाळावर हात मारून घेतला. तीन महिने रंग, मूग आणि माती यांत घातले होते आणि अक्षरं खाऊच्या डब्यात बसली होती.

पण एक अडचण झाली. पोरांना सवय लागली. गावात जे बंद दिसेल त्याला कान लावायचे, नाक लावायचे. "मॅडम, आज तुमच्या घरी वांगं करपलं ना?" असं मला भर परिपाठात विचारलं गेलं. इंगळे सर वैतागून आले. "मॅडम, हे पोट्टे माह्या ड्रॉवरले हुंगून राह्यले! आवळासुपारी हाय म्हणून साऱ्या शायेत सांगून आले."

"आहे का पण, सर?"

"हाय ना. म्हणून त राग आला."

अशा वर्गात साहेब आले, आणि पिशवी घेऊन आले.

साहेबांनी सुरुवात केली. "हं, पाट्या काढा. लिहा, कमळ."

कुणी हललं नाही. एक परी नावाची मुलगी तेवढी पाटीवर वाकली. ती सगळं सावकाश करायची, डबा खातानाही. बाकीचे पिशवीकडे बघत होते.

"कमळ," साहेब मोठ्याने म्हणाले.

समाधानने हात वर केला. मला हायसं वाटलं. तो म्हणाला, "मॅडम, आज साहेबायची पाळी हाय का?"

मुलांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. त्या दिवसांत जो मोठा माणूस पिशवी घेऊन वर्गात येई, तो खाऊच घेऊन येई. साहेबांच्या घरची पाळी आली, एवढाच त्यांचा हिशेब.

"कसली पाळी?" साहेबांनी विचारलं.

मी घाईने म्हटलं, "काही नाही, साहेब. लिहा रे मुलांनो, कमळ..." पण इंगळे सर दारात उभे होते. त्यांना सदा सर्दी. त्यांना वासच येत नव्हता. माझी बाजू सावरायची म्हणून ते उत्साहाने पुढे आले आणि त्यांनी अख्खा खेळ साहेबांना समजावून सांगितला. "बंद पिशवीत काय हाय ते ओळखतेत, सर. दाखवा ना एकदा. लई हुशार पोट्टे हायेत."

साहेबांचा चेहरा थोडा बदलला. "माझ्या पिशवीत खाऊ नाही. कागद आहेत. ऑफिसचे."

गुड्डी उठून उभी राहिली. अगदी समजूत काढल्यासारखी म्हणाली, "कागद त हायेच, साहेब. कागदात काय हाय?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काहीच नव्हतं, तरी बघितलं. साहेब आता 'नको' म्हणाले असते तर पिशवी लपवली असा अर्थ झाला असता. त्यांनी धीर करून म्हटलं, "हं, ओळखा बरं." सहा वर्षांची पोरं ओळखून ओळखून काय ओळखणार, असं त्यांना वाटलं असावं. आमची पोरं त्यांना माहीत नव्हती.

मी शेवटचा प्रयत्न केला. वीस दिवस ज्यांना खरं ओळखायला शिकवलं, त्यांना आता खोटं ओळखायची विनंती करणारी मी जगातली पहिलीच उपक्रमशील शिक्षिका असेन. मी म्हटलं, "मुलांनो, साहेबांचा उपास आहे बरं का. उपासाला काय खातात? सा... साबु..."

समाधानने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मॅडम, साबुदाण्यात ओवा राह्यते का?"

"बोलायचं नाही!" मी ओरडले. पण पाटीवर पेन्सिली करकर वाजायला लागल्या होत्या. एरवी हा आवाज ऐकून मी भरून पावते. त्या दिवशी तो मला नको होता.

"दाखवा!" इंगळे सरच म्हणाले.

सगळ्या पाट्या एकदम फिरल्या. भजे. भजे. भजे. एकावर 'भज', मात्रा राहिलेली. गुड्डीने 'भजे' लिहून शेजारी मिरची काढली होती, कारण तिला मिरचीचाही वास आला होता. आणि अगदी कोपऱ्यात परीची पाटी. तिचं आत्ताच पूर्ण झालं होतं. तिच्यावर स्वच्छ अक्षरात : कमळ.

साहेब पाट्यांकडे बघत होते. इंगळे सरांनी पाट्या वाचल्या, मग पिशवीचा डाग वाचला, आणि ते दाराची कडी नीट लागते का हे तपासायला लागले.

साहेबांची कोंडी मला दिसत होती. मुलांना लिहिता येत नाही असं म्हणावं, तर समोर सगळा वर्ग लिहून बसलेला. लिहिता येतं म्हणावं, तर काय लिहिलं ते कबूल करावं लागणार.

"हे," साहेब घसा साफ करत म्हणाले, "घरी पाहुणे यायचेत. त्यांच्यासाठी घेतले."

"मंग लवकर वाटा ना, साहेब," गुड्डी म्हणाली. "पाहुण्यायले थंडे काऊन देता?"

आणि नियमाप्रमाणे सगळ्या वर्गाने गोल केला आणि तळहात पुढे केले. पंचायत समितीच्या कोणत्याही परिपत्रकात यावर उपाय नव्हता. साहेबांनी पिशवीतून पुडा काढला. खाली वाकून, एकेका हातावर, अर्धं अर्धं भजं ठेवत गेले. वाटता वाटता त्यांचा आवाज बदलला. तालुक्याचा साहेब जाऊन गावचा माणूस बाहेर आला. "काऊन बे, तुले कसं कळलं?" त्यांनी समाधानला विचारलं. समाधानचं तोंड भरलेलं होतं. त्याने नाकाला बोट लावून दाखवलं.

साहेब कच्चे नव्हते. पोरांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल, ही शंका त्यांना होतीच. त्यांनी मुलांना लांब लांब बसवलं आणि नवे शब्द सांगितले. तेल. मिरची. मीठ. कढई. भजे देणाऱ्या माणसाचं पोरं सगळं ऐकतात. सगळ्यांनी लिहिलं. कढईची ई बऱ्याच जणांची चुकली, पण कढई कळत होती. परी अजून तेलावर होती.

माझ्याही हातावर साहेबांनी भजं ठेवलं होतं. मी खाल्लं. चांगलं होतं.

साहेब शेरा लिहून निघाले. मी त्यांना मोटारसायकलपर्यंत सोडायला गेले. किल्ली फिरवता फिरवता ते थांबले. त्यांच्या मिसेस आमच्याच केंद्रात शिक्षिका आणि उपास त्यांनीच धरायला लावलेला, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे, हे त्यांनाही माहीत होतं.

"मॅडम, ते फोटो वगैरे... ग्रुपवर?"

"कशाचे, साहेब?"

"ते... पाट्यांचे."

"टाकणार ना. पहिलाच परीचा टाकते. कमळ."

साहेब पहिल्यांदा हसले. "आणि बाकीचे?"

"बाकीच्यांनी काय लिहिलं ते मला आता आठवत नाही. वय झालं."

आत येऊन मी शेरा वाचला. लेखन समाधानकारक. निरीक्षणशक्ती गरजेपेक्षा जास्त. वर्ग सध्याच्या शिक्षिकेकडेच ठेवावा.

तो वर्ग एप्रिलपर्यंत माझ्याकडे राहिला. पोरं जोडाक्षरांपर्यंत पोचली, परी वेलांटीपर्यंत. साहेब नंतरही आले, पण पिशवी मोटारसायकललाच अडकवून यायचे. मग मधल्या सुट्टीत पोरं मोटारसायकल हुंगायची.

आता मी घरी असते. माझी नात पुण्याहून सुट्टीला येते आणि तिच्या शाळेत काय काय नव्या पद्धतीने शिकवतात ते मला समजावून सांगते. मी ऐकून घेते. नव्या शिक्षिकांना मात्र माझं एकच सांगणं असतं. मुलांना ओळखायला जरूर शिकवा. फक्त त्या दिवसापासून वांगं करपू देऊ नका.