रेघेपलीकडचा हात

पूर बघायला जाऊ नकोस, असं कोल्हापुरात मामेभावानं बजावलं होतं. पण नव्या डिजिटल कॅमेऱ्याची हौस दांडगी. पाऊस उघडताच मिळेल त्या ट्रॅक्टरवर बसून शिरोळच्या बाजूला निघालो. एका गावाच्या अलीकडेच रस्ता पाण्यात गेला होता. उसाचे शेंडेही दिसेनात.

काठावर कुणीतरी हातात चिरमुरे ठेवले. तेवढ्यात एका बाईनं विचारलं, "पावणं, त्यात लांबचं दिसतंय न्हवं?"

तिचा नवरा म्हशींची दावी कापायला मागे राहिला होता. म्हशी पोहून आल्या, तो आला नव्हता.

"शाळंच्या स्लॅबवर असतील आमचं मालक. बघा की जरा."

मी झूम दाबला. भिंग पुढे सरकून थांबलं. पडद्यावरच्या पट्टीत तिथे एक रेघ असते. रेघेपर्यंत भिंग लांबचं जवळ आणतं. तिच्यापुढे कॅमेरा आहे तेच चित्र नुसतं ताणतो. मी रेघ ओलांडली. शाळा मोठी झाली, चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि त्यात पांढरं काहीतरी हललं.

"हात हलवतायत!" मी ओरडलो.

बाईनं पदर तोंडाला लावला. होडी म्हणून काठावर एकच काहील (गूळ शिजवायची मोठी लोखंडी कढई) होती. ती वल्हवणारे नाना म्हणाले, "मग त्यो धड हाय. आदी मळ्यात अडकलेली चौघं आणतो."

काहील दूर गेली. मी सहज झूम मागे घेतला. चित्र लहान झालं, पण कडा स्वच्छ दिसू लागल्या. बांबूला अडकलेलं खताचं रिकामं पोतं फडफडत होतं. स्लॅबवर माणूस नव्हता.

गप्प राहावं, असंही क्षणभर वाटलं, आणि त्या विचाराचीच जास्त भीती वाटली. मग बाईला सांगून टाकलं. आम्ही सगळे नानांना हाका मारत राहिलो, पण पाण्याच्या आवाजात काही पोचेना.

चौघं काठाला लागली तसे नाना पुन्हा निघाले. शाळेमागच्या बाभळीच्या फांदीला धरून, गळ्याइतक्या पाण्यात तो सापडला. ओठ निळे पडले होते, पण जिवंत होता.

त्याला घोंगड्यात गुंडाळून बाई माझ्याकडे आली. आता शिव्या बसणार, असं मी धरून चाललो.

"न्हाय दिसलं तर न्हाय म्हणायचं की, पावणं. आमी काय तुमास्नी मारणार हुतो व्हय?"

पुण्याला परतल्यावर घरच्यांनी पुराचे फोटो मागितले. एकही काढला नव्हता. त्या बाईला तो हात हवा होता आणि मला तो दाखवायचा होता, म्हणूनच मला तो दिसला. नानांना आणखी थोडा उशीर झाला असता, तर तो हात मला जन्मभर दिसत राहिला असता.