शेवटपर्यंत ओढलेला पाइप

आमच्या बिडी कारखान्यात मला फारशी किंमत नव्हती. जी काही होती ती माझ्या नाकाला. मी आपला त्या नाकाला रोज सकाळी कामावर पोचवणारा आणि संध्याकाळी घरी नेणारा माणूस.

तंबाखूची मिसळण करणं हे माझं काम. निपाणीकडचा कडक, गुजरातचा हलका, मधूनच कुठला तरी तिसरा, असे ढीग समोर मांडायचे, नाक खुपसायचं, कमी-जास्त करायचं आणि त्या मिसळणीची पहिली बिडी सगळ्यांसमोर ओढायची. निकाल तोंडानं सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. नापास असेल तर बिडी अर्ध्यात मोडायची. पास असेल तर पार बिडी बांधलेल्या दोऱ्यापर्यंत ओढायची. एकदा दोऱ्याला आच लागली की शेठसुद्धा त्यावर शब्द काढत नसत. मिसळणीच्या दिवशी कुणी गजरा माळून यायचं नाही, वासाचं तेल लावायचं नाही, माझ्या आसपास कांदा फोडायचा नाही. एवढा मानपान तर मला लग्नातही मिळाला नव्हता.

मग मी त्याचा खेळ करायचो. डोळे मिटायचे, धूर पत्र्याकडे सोडायचा, मध्येच कपाळाला आठी घालायची. समोर बारा-पंधरा बायका, मांडीवर सुपं घेऊन, कात्र्या थांबवून बसलेल्या.

"भाऊ, मोडताय का ठेवताय? आमाला घरी पोरं हायती!"

मी बिडी दोन बोटांत वाकवायचो, आता मोडणार असं दाखवायचो आणि पुन्हा ओठात धरायचो. हशा. निम्म्या बायका आपसात तेलुगू बोलतात. माझ्यावरचे विनोद त्या भाषेत व्हायचे, म्हणजे ते चांगलेच असणार.

तर असं हे नाक चार वर्षांपूर्वी, त्या साथीच्या तापात गेलं. सगळ्यांचं गेलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत परत आलं. माझं आलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून मी गप्प बसलो आणि गप्प बसायचीही सवय लागली. जिभेला गोड-कडू कळत होतं, घशाला ठसका कळत होता, बोटांना ओल कळत होती. बाकीचं मी अभिनयानं भरून काढत होतो. नाकाशिवायचा मिसळणवाला म्हणजे काय? उद्या शेठना कळलं तर परवा मी घरी. पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसरं कोण काय काम देणार, आणि मला दुसरं येतंय तरी काय?

हे फक्त मावशींना माहीत होतं. मावशी म्हणजे आमच्यातली सगळ्यांत जुनी बिड्या वळणारी. एकदा पोत्यांमागं उंदीर मरून पडला होता, दोन दिवस कारखाना नाकाला पदर लावून बसला होता आणि मी त्याच पोत्यांना टेकून भाकरी खाल्ली. मावशींनी माझ्याकडे टक लावून बघितलं. दुपारी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमचं नाक मेलंय व्हय?" मी हात जोडले. त्या दिवसापासून मिसळणीच्या वेळी त्या पाणी प्यायला म्हणून उठायच्या आणि ढिगाजवळून जायच्या. पदर सावरला तर सगळं ठीक. खाकरल्या तर काहीतरी बिनसलंय. चार वर्षं माझ्या नावावर मावशींचं नाक चाललं. कुणाला पत्ता नाही.

मग मागच्या हिवाळ्यात ते भिंगारचं बोलावणं आलं.

भिंगारला शेठच्या ओळखीचे एक निवृत्त लष्करी साहेब राहतात. पाइप ओढतात, स्वतःचा तंबाखू स्वतः मिसळतात. त्यांच्या पलटणीतला एक जुना शिपाई तामिळनाडूत असतो. साहेबांनी त्याच्याकडे शेरभर सिगारचं पान मागितलं, त्यानं प्रेमानं दोन पोती पाठवली. पानं काळपट, जाड, चामड्यासारखी. साहेबांनी आपल्या नेहमीच्या पिवळ्या गोडसर तंबाखूत चौथा हिस्सा ते पान कातरून घातलं होतं. ते कसं जमलंय, हे माझ्या नाकानं सांगायचं होतं. शेठ स्वतः मला स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेले. वाटेत म्हणाले, "उस्ताद, पान चांगलं निघालं तर दोन्ही पोती आपण उचलू. सिगारच्या चवीची स्पेशल बिडी! बिडी आता ओढतंय कोण? काहीतरी नवीन द्यायला पाहिजे."

मावशी पुतणीच्या लग्नाला हिवरे बाजारला गेल्या होत्या.

मी वाटेतच एक थाप तयार केली. साहेबांच्या व्हरांड्यात बसल्यावर डबा हातात घेतला आणि गंभीर होऊन म्हणालो, "हा घरी नेतो. नव्या तंबाखूला चार दिवस माणसाची सवय व्हावी लागते."

"तंबाखूला?" साहेब म्हणाले.

"ह्यांचं असंच असतं," शेठ कौतुकानं म्हणाले. "पण उस्ताद, आत्ताच होऊन जाऊ द्या."

साहेबांनी पाइप भरला. आधी सैल, मग जरा दाबून, मग आणखी दाबून. काडी ओढून पाइप माझ्या हातात देताना म्हणाले, "एक लक्षात ठेवा. धूर आत घ्यायचा नाही. तोंडात फिरवायचा आणि सोडायचा. सिगारचं पान छातीत घेतलंत तर ते तुम्हाला घेईल."

मी मान हलवली. पण तीस वर्षं बिडी ओढणाऱ्याची छाती विचारून काम करत नाही. पहिला झुरका सरळ आत गेला. घशातून एक रंधा फिरला, डोळ्यांसमोर काजवे आले, व्हरांड्याचे खांब चारचे सहा झाले. मी मुद्दामच केल्यासारखं डोळे मिटले आणि म्हणालो, "आहे. जोर आहे."

"बघा!" शेठ म्हणाले.

मग जिभेला जे कळत होतं ते मी सांगत गेलो. सुरुवातीला गोडी, ती पिवळ्या पानाची. मागून कडवटपणा, काळ्या चहाच्या तळासारखा. मिरीची चुणचुण. इथवर सगळं खरं होतं. त्यानंतर मी हवेत सुटलो. ओल्या मातीचा गंध म्हणालो, जुन्या लाकडी कपाटाचा म्हणालो, चिंचेच्या सावलीचाही म्हणालो. चिंचेच्या सावलीला वास असतो की नाही देव जाणे. साहेब शांतपणे ऐकत होते. मग पुढे वाकून म्हणाले, "मी तुम्हाला खरं कशासाठी बोलावलंय ते सांगतो. ही पोती पावसाळ्यात मागच्या खोलीत होती. भिंतीला ओल आली होती. मला कधीकधी ह्यात कुबट वास येतो, कधीकधी येत नाही. माझं वय झालंय, मला माझीच खात्री वाटत नाही. तुम्ही सांगा. कुबट आहे का?"

माणसाला त्याच्या आयुष्यात नेमका एकच प्रश्न चुकवायचा असतो आणि तोच समोर येऊन बसतो. मला कळत नव्हतं. नाकापुढे पांढरी भिंत होती. मी शेठकडे पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे नाही, पाइपकडे बघत होते. आमच्या पद्धतीनं बघत होते. मी मध्येच थांबलो असतो तर ते नापास झालं असतं आणि नापास का, हे सांगावं लागलं असतं.

"कुबट? छे," मी म्हणालो आणि ओढत राहिलो.

आता बिडी दोन-तीन मिनिटांत दोऱ्याला येते. पाइपला दोरा नाही. तो संपतच नाही! तो विझतो, पुन्हा पेटवावा लागतो, साहेब वरून एका छोट्या दांडीनं राख दाबतात आणि पुन्हा हातात देतात. मी चाळीस मिनिटं तो पाइप ओढला, आत घेऊन ओढला. दरदरून घाम सुटला, ओठ बधिर झाले. मध्ये एकदा उठून मी बागेत गेलो, साहेबांच्या शेवंतीची चौकशी केल्यासारखं दाखवलं, तिच्या मुळाशी सकाळचा चहा आणि खारी अर्पण केली आणि परत येऊन पाइप तोंडात धरला. तळाची राख पांढरी झाल्यावर मी तो खाली ठेवला.

"शेवटपर्यंत!" शेठ साहेबांना म्हणाले, "आमच्याकडे ह्याला अपील नाही."

साहेब हसले, पण डब्याकडे बघत हसले.

तिसऱ्या दिवशी ते पान आमच्या मिसळणीत पडलं. पहिली बिडी मीच ओढली, दोऱ्यापर्यंत. बायका वळायला बसल्या. दुपारी मावशी गावाहून थेट कारखान्यात आल्या, सूप मांडीवर घेतलं, चिमूट उचलली आणि तिथेच थांबल्या.

"ह्ये काय हाय? कुबाट मारतंय."

सगळ्या कात्र्या थांबल्या. शेठ दारातच उभे होते.

"मावशी, उस्तादांनी पास केलंय ते," शेठ म्हणाले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"आमाला सकाळपासनंच येतोय वास," मागून एक तरुण बाई म्हणाली. "पर भाऊंनी पास केलं म्हनल्यावर वाटलं, आपलंच नाक खराब आसंल."

शेठचा पारा चढला. "म्हणजे आता नाक तुम्हाला जास्त कळायला लागलं? मावशी, चार दिवस लग्नात बसून आलात, सर्दी घेऊन आलात. होत नसेल काम तर घरी बसा. कायमच्याच बसा."

आता मावशी काहीतरी तिखट बोलतील आणि माझं भांडं फुटेल, असं मला वाटलं. मावशींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "आसंल बया. सर्दीच झालीया मला."

ते मात्र मला गिळवलं नाही. मी उठलो. "शेठ, त्यांचं नाक बरोबर आहे. माझंच नाही. मला चार वर्षं कसलाच वास येत नाही."

कारखाना हसायला लागला. बायका हसल्या, शेठ हसले. तीस वर्षं त्यांना हसवल्याचं फळ मला एकदम मिळालं. "काय उस्ताद, म्हातारीला वाचवायला किती नाटकं!" शेठ म्हणाले. मी जितकं गंभीर तोंड करत होतो तितका हशा वाढत होता, कारण माझं गंभीर तोंड हाच तर खेळ होता.

"डोळे बांधा माझे," मी म्हणालो. "काहीही आणा नाकापुढं."

कुणीतरी हौसेनं टॉवेल बांधला. अजून खिदळणं चालू होतं. मी ताठ उभा राहिलो. काहीच होईना.

"आणा की शेठ," मी म्हणालो, "किती वेळ लावताय?"

हसणं थांबलं. एकेका बाजूनं थांबत गेलं. कुणीतरी तेलुगूत काहीतरी हळू बोललं आणि ह्या वेळी तो विनोद नव्हता. मावशींनी माझ्या डोळ्यांवरचा टॉवेल काढला. नाकापासून बोटभर अंतरावर शेठनी आपला रुमाल धरला होता. शेठ अत्तराचे शौकीन, त्यांचा रुमाल गल्लीच्या टोकाला कळतो. त्यांचा हात तसाच होता. दुसऱ्या हातात कुणाच्या तरी डब्यातला सुका बोंबील होता. तोही बहुधा आधी दाखवून झाला होता.

शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आजचं सगळं बाजूला काढा," बायकांना म्हणाले. मावशींना म्हणाले, "उद्यापासून ढिगापाशी तुम्ही बसा." माझ्याकडे बघून नुसतं "बघू" म्हणाले आणि रुमाल घडी करून खिशात घालत आत गेले.

"मी सांगितलं न्हवतं कुनाला," मावशी मला म्हणाल्या. जसं काही चुकलं त्यांचंच होतं.

संध्याकाळी मी भिंगारला गेलो. साहेब व्हरांड्यात होते, पाइप पेटलेला होता, त्याच डब्यातला. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पद्धत सांगितली, दोरा सांगितला, शेवंतीचंही सांगितलं. शेवंतीला ते हसले. मग पाइप तोंडातून काढून त्याच्या भांड्यात बघत बसले.

"म्हणजे ते कुबटच होतं."

"होतं साहेब."

"तुम्ही 'छे' म्हणालात, म्हणून मी मुलीला फोनवर सांगितलं, आता माझ्या नाकावर विश्वास ठेवू नकोस, गॅस सुरू राहिला तरी मला कळायचं नाही. ती घाबरली. पुढच्या महिन्यात मला तिच्याकडे न्यायचं म्हणतेय. कायमचं." त्यांनी पाइप पायरीवर आपटून रिकामा केला. "बसा. डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही. दाखवलं असतं तर कळलं असतं लोकांना."

"आता कळलंय," साहेब म्हणाले आणि आत जाऊन मुलीला फोन लावायला लागले. दार उघडंच होतं. मी तिथेच बसून राहिलो, त्यांचं बोलणं ऐकत. तिला ते पटत नव्हतं. त्यांना तीन-तीनदा सांगावं लागत होतं की त्यांचं नाक ठीक आहे.

सोमवारी मी नगरात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. काउंटरवरच्या बाईनं तक्रार विचारली. मी खोकलो, सरसावून उभा राहिलो, उंदरापासून सुरुवात करणार होतो. तिनं पेन वर धरलेलं होतं, मागं रांग होती.

"वास येत नाही," मी म्हणालो.

तिनं वर न बघता विचारलं, "दोन्ही नाकपुड्यांना?"

मला सांगता येईना. चार वर्षांत मी एकेक करून कधी बघितलंच नव्हतं.