लोणच्याच्या बरणीवरचा ग्रॅनाइट

आमच्या तुळजापुराकडचा दगड सगळा काळा. गुलाबी ग्रॅनाइट मी पाहिला तो निजामाचं राज्य विलीन झाल्यावर हैदराबादला कॉलेजात गेलो तेव्हा, आणि लागलं की त्याचं वेड! खोलीतला दोस्त आणि मी टेकड्या पालथ्या घालायचो. आमचा नेम ठरलेला: प्रत्येक दगडाचे दोन तुकडे करायचे, दोन्हींवर एकच नंबर घालायचा. एक तुकडा तपासणीत जाणार, दुसरा पुरावा म्हणून माझ्याकडं राहणार.

तपासणी मात्र मी एकट्यानं केली. कुटा, वितळवा, गाळा, तोला. एका दगडाला पंधरवडा जायचा. गुलाबी दगडात पोटॅश भरपूर निघालं, चुना अगदीच कमी. मी दोस्ताला म्हणालो, "जमिनीचं कवच ताणून पातळ झालं, खालची उष्णता वर आली, तेव्हा हा खडक वितळून तयार झाला. इथल्याच करड्या ग्रॅनाइटपेक्षा याचं वय कमी निघणार, बघ."

तो पोट धरून हसला. "जमीन म्हंजे काय कणीक हाय व्हय रे, ताणायला?"

पुढं तो तिथंच प्राध्यापक झाला. मी तुकड्यांचं पोतं आणि वही घेऊन गावी आलो, शाळेत मास्तर झालो.

एकदा मी परीक्षेच्या कामाला जळकोटला गेलो असताना तो घरी आला. 'वहिनी, वहिनी' करत जेवला, लोणचं दोनदा मागून घेतलं. मग म्हणाला, "दगड आणि वही न्यायला मास्तरांनीच सांगितलंय. परदेशी पाठवून दगडांचं वय काढायचंय, आम्हा दोघांच्या नावानं." बायकोनं दिलं उचलून. आणि मी मूर्ख, असलं काही सांगितलं नसतानाही घरी येऊन ऐकलं तेव्हा खूश झालो!

दोनएक वर्षांनी त्याचा छापील लेख हाती पडला. आकडे माझे, ताणलेलं कवच माझं. गुलाबी दगडाचं वयही मी म्हटलं तसंच कमी निघालेलं. नाव मात्र त्याचं एकट्याचं. मी बरोबर ठरलो होतो हो! पण तो आनंद सांगणार कुणाला? ज्याला पळत जाऊन सांगावं, तोच बेइमान निघाला.

सगळा राग बायकोवर काढला. ती बिचारी रडली, मग उठून आतून एक दगड घेऊन आली. "हा तेवढा राहिलाय. मांजर झाकण पाडतं म्हणून लोणच्याच्या बरणीवर ठेवला होता."

गुलाबी. त्यावर माझ्याच हातचा पांढरा नंबर. पठ्ठ्या याच बरणीतलं लोणचं चापून गेला होता.

मी हातोडा काढला, दगडाचे दोन तुकडे केले. नव्या तुकड्यावरही तोच नंबर घातला आणि रजिस्टरनं त्याला पाठवला. सोबत चिठ्ठी न्हाय, काही न्हाय. आठवड्यानं पोच आली, त्याच्या सहीची.

त्याआधी तो दरवर्षी देवीच्या दर्शनाला यायचा, उतरायचा आमच्याकडंच. त्यानंतर पुन्हा कधी आला नाही. दुसरा तुकडा बरणीवर आहे.