रणगाड्यांची कॅसेट
परवा कपाट आवरताना व्हिडिओ गेमची जुनी पिवळी कॅसेट सापडली आणि सवयीनं तिच्यात फुंकर मारली, तसा धुळीचा आणि प्लॅस्टिकचा वास आला आणि लातूरचा, भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये भरणारा फिजिक्सचा क्लास आठवला. दिवाळीला मुखेडला घरी जाताना एकाच कॅसेटपुरते पैसे होते, म्हणून मी बाकांवरून चिठ्ठी फिरवली: कोणता गेम घेऊ? पोरांनी महत्त्वाच्या प्रश्नांना देतात तशा चांदण्या दिल्या, मारामारीला तीन, गाड्यांच्या शर्यतीला दोन. "मारामारीचाच घे, लई भारी हाय," शेजारचा कुजबुजला, तेवढ्यात सरांनी चिठ्ठी उचलली, वाचली आणि खिशात घातली. आता घरी पत्र जाणार, या धास्तीनं मेसमध्ये वडिलांना काय सांगायचं तेच जुळवत बसलो. दुसऱ्या दिवशी तपासलेल्या पेपरला तीच चिठ्ठी टाचलेली होती, खाली लाल शाईत सरांचं अक्षर: "रणगाड्यांचा घे. दोघांना एकाच बाजूनं खेळता येतं. वडिलांना सोबत बसव." वडील बसले, अख्खी दिवाळी बसले, फक्त दर डावाला शत्रू सोडून आपलाच तळ उडवायचे. परवा माझ्या हातात कॅसेट बघून वडील चष्मा पुसत म्हणाले, "लाव की. आता न्हाई उडवत."