सुमनबाईंची दाढ

जेल रोडच्या मागच्या कॉलनीत सुमनबाई एकट्या राहतात. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होता, तो गेला. मुलगा दीपक पुण्यात. रविवारी फोन करतो, "जेवलीस का?" विचारतो आणि ठेवून देतो. बाईंचा खरा दिवस दुपारी सुरू होतो. जेवणं उरकली की समोरच्या भागीबाईंच्या ओट्यावर बायका मिश्री लावायला जमतात. भाजून काळी केलेली तंबाखू डबीतून चिमूटभर घ्यायची, बोट दातांवरून फिरवायचं आणि अख्ख्या कॉलनीची उलटतपासणी करायची. तेवढा वेळ सोडला तर सुमनबाईंशी दिवसभर कोणी बोलत नाही.

दिवाळीनंतर त्यांची उजवी दाढ ठणकायला लागली. भागीबाई म्हणाल्या, "मिश्री दाबून धर, गप पडंल." धरली. काही दिवसांनी दुखणं खरंच थांबलं आणि ओट्यावर भागीबाईंचा भाव वधारला. मग एका सकाळी सुमनबाईंचा गाल टम्म फुगला. रिक्षा करून त्या एकट्याच दातांच्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टर चैताली वयानं लहान, पण बोलायची घाई नाही.

"आजी, दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. आतली नस मेली, सडली आणि मुळापाशी पू झाला. फोटोत हा काळा डाग दिसतो ना, तोच."

"मंग उपटून टाक बाई."

"कशाला? दाढ अजून टिकेल. रूट कॅनल करू. वरून भोक पाडायचं, सडलेलं काढायचं, मुळातल्या नळ्या साफ करून भरून टाकायच्या. वर टोपी. नस नसली तरी दाढ चावायचं काम करते."

भूल दिल्यावर दुखलं नाही. बारीक सुया आत-बाहेर होत होत्या, चैताली मधूनमधून "त्रास होतोय का?" विचारत होती. कोणीतरी इतका वेळ आपल्याकडं बघतंय, हे सुमनबाईंना फार आवडलं. त्यात लाजायचं काय? दोन-तीन खेपांत मुळं भरून झाली, टोपी तेवढी राहिली.

"आणि मिश्री बंद," चैतालीनं बजावलं. "हिरड्या सैल व्हायला लागल्यात. हिरडीनंच सोडलं तर माझी टोपी काय हवेत राहणार?"

सुमनबाई "हो" म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या ओट्यावर रिकाम्या हातानं बसल्या. बायका जरा सावरून बसल्या, जणू घरात पाहुणी आली. बोलणं भाजीच्या पुढं जाईना. कोणाची सून माहेरी का गेली, हे त्यांच्यासमोर कोणी काढेना. असे काही दिवस गेले. घरी येऊन त्या टीव्ही लावायच्या आणि आवाज मोठा करायच्या. मला त्या बायकांचा राग येतो, पण त्यांनी तरी काय वाईट केलं होतं?

मग सुमनबाईंनी युक्ती केली. चिमूट घेतल्यासारखं करायचं, पदराआड बोटं झटकायची आणि कोरडं बोट दातांवर फिरवायचं. गप्पांना पुन्हा रंग चढला. सून माहेरी का गेली, हे एकदाचं ऐकायला मिळालं. सगळ्यांसारख्या त्याही ओट्याखाली थुंकल्या.

भागीबाईंनी खाली पाहिलं. "सुमन, तुझी थुंकी पांढरी हाय गं."

सगळ्यांची बोटं थांबली. सुमनबाई हसल्या, पण एकट्याच हसल्या.

"लावायची तर लाव, नायतर नको लावू," भागीबाई म्हणाल्या. "आमच्यापुढं नाटक कशाला?" आणि त्यांनी डबी पुढं केली.

डबी हातात असतानाच फोन वाजला. दवाखान्याचा होता. टोपी तयार झाली असणार. सुमनबाईंनी नाव वाचलं आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

"कोणाचा गं?" भागीबाईंनी विचारलं.

"कोणाचा नाय," सुमनबाई म्हणाल्या आणि चांगली मोठी चिमूट घेतली. "हां, मंग? ती सून परत आली का?"