ऊन किती पाणी पितं

आमच्या सासऱ्यांइतका भित्रा माणूस बीड जिल्ह्यात तर नाहीच, पण निजामाच्या सगळ्या जुन्या मुलखात शोधून सापडायचा नाही. सासुरवाड गावातच, त्यामुळे त्यांची भीती मला रोज घरपोच मिळायची. एसटीत बसले की मामा ड्रायव्हरच्या मागची जागा धरायचे आणि त्याला डुलकी लागू नये म्हणून अंबाजोगाई येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचे. शेवटी तो बिचारा हात जोडायचा. आभाळ गडगडलं की घरातले कोयते, विळे अंगणात भिरकावले जायचे. माझ्याकडे चहाला आले तरी आधी नजर छताकडे. "आढ्याला चीर पडलीय, जावईबापू." चीर कसली, कोळ्याचं जाळं! पण मी ते झाडेपर्यंत मामा कपबशी घेऊन उंबऱ्याबाहेर गेलेले असायचे.

दुष्काळाच्या त्या साली मात्र त्यांना धरलेली भीती वेगळीच होती. ऊसतोडीला जाणाऱ्या आम्ही काही जणांनी मिळून मजुरांची सहकारी संस्था काढली होती आणि माळावर खडी क्रशर टाकलं होतं. गावात राहून हाताला काम मिळालं, म्हणून सगळे खूश. त्यात खोदता खोदता खदानीला पाणी लागलं! आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. मामा तेवढे काठावर पांढरेफटक उभे. "आरं बाबांनो, हे पाणी आपल्या विहिरीचं हाय. झरा फोडलात तुमी. धुरळ्यावर मारताल ते मारताल, ऱ्हायलेलं ऊन पिऊन टाकील." गावाची पिण्याची विहीर माळाच्या पायथ्याशीच होती आणि तिचं पाणी खरोखरच एकेक पायरी खाली चाललं होतं. लोक मामांना हसले, पण हसता हसता एकमेकांकडे बघत होते.

मग मामांनी अंदाज काढायचं मनावर घेतलं. धुरळा दाबायला किती पाणी लागतं ते सांगता येत होतं, पण ऊन किती पितं ते कोण सांगणार? त्यांनी सासूबाईंची पितळी परात उचलली, काठोकाठ भरली आणि खदानीच्या वर, उन्हात ठेवून दिली. संध्याकाळी बघतात तर परात निम्मी! दुसऱ्या दिवशीही तेच. संस्थेच्या बैठकीत ती परात डोक्याच्या वर धरून ते म्हणाले, "परात एवढीशी, खदान केवढी! आता तुमीच बघा." आमचा चेअरमन कुणाच्या बापाला न भिणारा गडी, त्यालाही घाम फुटला. ठरलं की खदानीतून जेवढं पाणी जातं, तेवढं संस्थेनं लांबच्या तलावावरून टँकरनं आणून विहिरीत टाकायचं. टँकर सुरू झाला, पाणी जरा थांबलं, आणि ज्या बायका मामांना येडं म्हणायच्या त्या त्यांना बोलावून चहा पाजू लागल्या.

आता मामांना भीती परातीची. कुणी लांबवली म्हणजे? म्हणून एका दुपारी डोक्यावर ओलं फडकं टाकून ते खडीच्या ढिगाआड राखण करत बसले, आणि घटकाभरात धापा टाकत माझ्या दारात. "घात झाला, जावईबापू! ऊन न्हाई पीत, लांडोरी पितेत!" माळावरच्या तहानलेल्या लांडोरी खोल खदानीत उतरायला बिचकायच्या आणि परातीत माना घालून पिऊन जायच्या. मी पोट धरधरून हसलो. मामा रडकुंडीला आले होते. "सांगावं तर टँकर जातोय, न सांगावं तर गाव खोट्याचं पाणी पितंय. कशापायी दाखिवलं मला देवानं हे?"

"गप बसा हो मामा," मी म्हणालो, "लांडोरी काय बैठकीला येऊन साक्ष देणार आहेत?"

पण मामांना गप बसायचीही भीतीच! पुढच्या बैठकीत उभे राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं. आधी हशा झाला, मग चेअरमननं टँकर निम्म्यावर आणला. विहीर परत खाली जाऊ लागली. "मामा, तोंड शिवून बसला असता तर काय बिघडलं असतं?" रिकामी घागर आपटत एक बाई म्हणाली. त्या दिवसापासून मामांचं जेवण तुटलं.

आणि एका सकाळी सासूबाई धावत आल्या, "ह्यांचा पत्ता न्हाई वं!" सगळ्यांचे पाय विहिरीकडे वळले. वाकून बघितलं तर आत नुसता अंधार. "मामा!" माझाच आवाज फिरून वर आला. बायकोनं माझा दंड घट्ट धरला.

"वरडू नका! आयकू द्या की," खालून चिडका आवाज आला.

मी पायऱ्या उतरून तळाशी गेलो. मामा चिखलात पाय सोडून, खडकाच्या भेगेला तळवा लावून बसले होते. "पाझरतंय," ते कुजबुजले. "लई बारीक हाय, पण हाय." मला संताप आला होता आणि रडूही येत होतं. त्या साली विहीर पाऊस येईपर्यंत कशीबशी टिकली. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या अंधारात त्यांनी मला विचारलं होतं, "तुमाला भ्या वाटत न्हाई का वं, जावईबापू?"

"वाटतंय, मामा. लई वाटतंय."

ते जरासे सरकले आणि ओल्या पायरीवर त्यांनी माझ्यासाठी जागा केली.