खुंटीवरचा ॲप्रन

आमच्या रसायनशास्त्र विभागात एक खुंटी आहे आणि तिच्यावर एका मेलेल्या माणसाचा ॲप्रन टांगलेला आहे. पाहुण्यांना मी आधी हे सांगतो, मग चहा मागवतो. चहा येईपर्यंत त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

तो ॲप्रन आमच्या मोठ्या सरांचा. धाराशिवबाहेरच्या माळावर विद्यापीठाचा हा विभाग उभा केला तो त्यांनी. मी त्यांचाच विद्यार्थी, आता त्यांच्याच खुर्चीत. त्यांचं संशोधन पुष्कळ, पण गाजलं ते एक फिकट पिवळं संयुग. भलतं हट्टी. आम्ही केलं की बीकरच्या तळाशी काकवीसारखं चिकटून बसायचं, स्फटिक म्हणून धरायचं नाही. बर्फात ठेवा, काचेच्या कांडीनं तळ खरवडा, ढिम्म. मग मोठे सर सुपारी चघळत यायचे, "केलीस का परत काकवी?" म्हणायचे, बीकरवर वाकायचे, आणि आम्ही चहा पिऊन येईपर्यंत आत पिवळ्या सुया उभ्या. सरांची नजर आहे, असं आम्ही म्हणायचो.

ते गेले आणि ॲप्रन खुंटीवरच राहिला. हळूहळू रीतच पडली. ज्याची काकवी झाली त्यानं तो ॲप्रन घालायचा, बीकरवर वाकायचं, कांडी फिरवायची. स्फटिक यायचे. विज्ञानाच्या प्राध्यापकानं हे लिहू नये, पण मीही घातलाय. बाह्या मला लांब होतात. गळ्याशी सुपारीचा वास यायचा.

गेल्या वर्षी तपासणी समिती येणार म्हणून मी विभाग चकाचक करायचं मनावर घेतलं. जुन्या बाटल्या रिकाम्या करवल्या, काचसामान ॲसिडनं धुऊन घेतलं. मोठ्या सरांची प्रयोगवही ‘विभागाची कामगिरी’ असा बोर्ड लावलेल्या काचेच्या कपाटात मांडली. आणि ॲप्रन, अगदी भक्तिभावानं, धोब्याकडे दिला. तो खळ घालून पांढराशुभ्र होऊन आला. समितीनं मान डोलावली.

पुढच्या आठवड्यापासून नुसती काकवी.

त्यात सापडली माझी एक विद्यार्थिनी. तिनं मोठ्या सरांना कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा सगळा प्रबंध त्यांच्याच संयुगावर होता. राहिला होता फक्त एक चांगला स्फटिक, क्ष-किरणांखाली ठेवून रचना सिद्ध करायला. नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती. एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. तिनं ॲप्रन घालून पाहिला, मी घालून पाहिला. काकवी.

एका दुपारी लाइट गेली होती. पंखे बंद, खिडक्या बंद, बाहेर माळावर पाखरूही नाही. खुंटीवर ॲप्रन खळीनं ताठ, बाह्या पुढं काढून, आत कुणी उभं असावं तसा. मी बघत असताना त्याची उजवी बाही कोपरात हळूच वाकली. खळ सैल पडली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण शेजारी उभ्या विद्यार्थिनीनंही ते पाहिलं होतं.

"सर, मोठे सर रागावलेत का?"

"मेलेला माणूस प्रबंध अडवत नसतो," मी म्हणालो. "त्याला जिवंतच पुरेसे आहेत."

ती खुंटीकडंच बघत होती.

तिचे वडील तिला न्यायला आले होते. ढोकीकडं साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटवून त्यातून साखरेचा दाणा धरवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. बीकर उन्हाकडं धरून त्यांनी पाहिलं.

"बी टाकलं का?"

"कसलं बी, आबा?"

"आमच्यात साखरंचा बारीक भुगा टाकतेत पॅनमधी. त्यो न्हाय टाकला तर रस दिसभर फिरू द्या, दाणा धरत न्हाय. आधी कशानं धरत होतं मग ह्ये?"

मी जरा ओशाळत ॲप्रनची गोष्ट सांगितली. वाटलं, हसतील. त्यांनी खुंटीजवळ जाऊन ती वाकलेली बाही चिमटीत धरली.

"धुतला व्हय तुमी?"

"हो."

"मग बीच धुतलं की, सर."

जुन्या स्फटिकाचा डोळ्यांना न दिसणारा कण पडला तरी त्यावर नवे धरतात, हे स्फटिकाचं बी मी वर्गात शिकवतो. दरवर्षी, आकृती काढून.

"त्यांच्या हातची, पाणी न लागलेली एखादी वस्तू हाय का?" त्यांनी विचारलं.

विद्यार्थिनी किल्ली घेऊन कपाटाकडं धावली. मोठ्या सरांना बीकरवर धूळ नको म्हणून प्रयोगवही पालथी झाकायची सवय होती. पानांवर अजून पिवळे डाग होते. तिनं वही बीकरवर धरली आणि पाठीवर बोटानं एकदाच टिचकी मारली. उन्हाच्या तिरिपेत काहीतरी बारीक चमकत खाली गेलं. आम्ही तिघं बीकरवर वाकलो. काकवीत एक सुई उभी राहिली, तिला टेकून दुसरी, मग मोजता येईनात.

"धरला," आबा म्हणाले.

कोडं सुटलं म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. पण इतकी वर्षं मी समजत होतो, सर खुंटीवरून बघतात. ते तर त्याहून जवळ होते. आमच्या केसांत, चहाच्या कपात, छातीत.

प्रबंध वेळेत गेला. ती आता नळदुर्गकडच्या एका कॉलेजात शिकवते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला.

"सर, पोरांना दाखवायला मोठ्या सरांचं संयुग केलं. या लॅबमध्ये ते आधी कुणीच केलेलं नाही. मी नुसती वाकले आणि धरलं."

"ॲप्रन कुठला होता?"

"नवीन. इथंच घेतलेला."

"अन् वही?"

"ती तर तुमच्या कपाटात."

मी मान वळवून बघितलं. वही होती. खुंटीवर ॲप्रनही होता.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "सर, वाकले तेव्हा सुपारीचा वास आला. मोठे सर कुठली खायचे?"

"भाजकी."

"हं," ती म्हणाली. "तीच."